विकृती मोजून मिळेल

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये, असंच ते आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर मीच मला थापाड्या म्हणालो असतो आणि या बाकावरून उठून चालता झालो असतो. पण पाहिलं, त्याला आता काय करणार? तेव्हा जरा सरकून बसा आणि मी बोलत असताना एकमेकांना कोपराने ढोसू नका. मला दिसतं ते.

तर आपल्या गावातल्या त्या संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या बोळातून गेलं की एक खोली लागायची. तिथे डॉक्टरीणबाई बसायच्या. डॉक्टर म्हणजे जीभ बाहेर काढायला लावणाऱ्या नव्हेत हां. स्फटिकांचा अभ्यास करून पदवी मिळवलेल्या डॉक्टर. स्फटिक म्हणजे मीठ, साखर, तुरटी, हिरा. ज्याच्या आतले कण कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे रांगेत असतात, तो. बाईंना एकच ध्यास. या रांगा जमिनीच्या पोटात दबतात तशा दाबल्या, तर कुठवर टिकतात, कुठे वाकतात आणि वाकताना आतून किती ताणल्या जातात?

त्यासाठी त्यांच्याकडे मुठीत मावेल एवढी एक पोलादी डबी होती. तिच्यात मसुराच्या दाण्याएवढे दोन हिरे, टोकाला टोक लावून बसवलेले. मधे स्फटिकाचा एक कण आणि त्याला सोबत म्हणून माणकाचा एक कण. डबीच्या दोन बाजूंना दोन स्क्रू. ते आवळले की हिरे जवळ येणार आणि मधल्या कणाचं जे व्हायचं ते होणार. माणिक कशाला, असं विचाराल तर दाब वाढेल तसा त्याच्या चमकण्याचा लाल रंग जरासा सरकतो. आमच्या थोरल्या काकांच्या कानांचा रंग बघून घरातले ओळखायचे ना, आता राग किती चढलाय ते? तसंच. मग दाबलेल्या कणातून क्ष-किरण सोडायचे. पडद्यावर कडी उमटतात. कडं बांगडीसारखं गोल आलं, तर दाब चहूबाजूंनी सारखा. अंड्यासारखं लांबट आलं, तर एकीकडून जास्त, म्हणजे आत ताण. मला एकदा ऐकूनच कळलं होतं.

मोठ्या साहेबांना मात्र कित्येक वर्षांत कळलं नव्हतं. संस्थेचे प्रमुख ते. दर खेपेला दारातूनच विचारायचे, "बाई, तुमच्याकडे कोणी येतं का?"

"कोणी यायचं, साहेब? स्फटिक आहेत."

"तेच म्हणतो मी. पलीकडे पाणी तपासतात, तिथे लोक बाटल्या घेऊन रांग लावतात. माती तपासतात, तिथेही गर्दी. तुमच्या दाराशी कुत्रंसुद्धा बसत नाही. जनतेला काय उपयोग हो या खोलीचा?"

शेवटी त्यांनी ठरवलं. खोली रिकामी करायची, डबी खोक्यात घालून माळ्यावर टाकायची आणि तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायच्या. संस्थेत मोडक्या खुर्च्या फार झाल्या होत्या. त्या काही टाकून देता येत नव्हत्या, डॉक्टरीणबाई टाकून देता येत होत्या.

बाईंनी मुदत मागितली. कारण काम अगदी काठावर येऊन अडलं होतं. त्यांचा हिशोब सांगत होता की आणखी थोडं दाबलं तर स्फटिकातले कण उभं राहायची पद्धतच बदलतील आणि पडद्यावर एक नवं कडं उमटेल, आजवर कोणी न पाहिलेलं. पण त्यासाठी दोन्ही स्क्रू एकाच वेळी, एकसारख्या जोराने आवळायला हवेत, म्हणजे दोन माणसं हवीत. दुसऱ्या स्क्रूवरचे जोडीदार निवृत्त होऊन गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. बाई एकट्या, आधी हा स्क्रू मग तो, असं करायला गेल्या की हिरे कलायचे, कडं लांबट व्हायचं आणि हिरे फुटतील या भीतीने हात आखडता घ्यावा लागायचा. फुटले तर दुसरे कोण देणार?

"उद्या येतो," साहेब म्हणाले. "शेवटचं बघतो आणि किल्ली घेऊन जातो. आणि बाई, इतकी वर्षं दारावर एक पाटी तरी लावायची होती. आत काय चालतं ते लोकांना कळणार कसं?"

बोलून गेले आपले. पण बुडत्या माणसाला तेवढंही पुरतं. बाईंनी तडक पेंटरला गाठलं. हा पेंटर म्हणजे दवाखान्यांचा पेंटर. गावातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. बाईंनी त्याला चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला: 'अतिदाबाखालील स्फटिकांमधील ताण व विकृती मापन कक्ष'. आता विकृती म्हणजे शास्त्रात काय, तर दाबल्यावर वस्तूचा आकार किती बिघडला ते. त्यात वावगं काही नाही. पण हे बाईंना ठाऊक आणि मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई येऊन बघतात, तर दारावर ही भली मोठी पाटी: 'दाब, ताण व विकृती मापन कक्ष. डॉक्टर आत आहेत.' वर लाल अधिकचं चिन्ह. खाली, 'चपला बाहेर काढाव्यात. नंबराने आत यावे.' पेंटर शिडीवरून उतरून, मान वाकडी करून स्वतःच्याच अक्षराचं कौतुक करत होता.

"अहो, हे काय लिहिलंत! स्फटिक कुठे गेले?"

"फळीत मावेनात, बाई. म्हटलं, हे स्फटिक कोण, ओळखीचं नाव वाटत नाही. काढलं."

"आणि हे लाल चिन्ह?"

"डॉक्टर म्हटलं की हात आपोआप वळतो."

"अहो, मी त्यातली डॉक्टर नाहीये!"

पेंटरने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नसाल. पण मी कोणाला बोलणार नाही. गावात आणखी दोघं आहेत तसे."

एवढं बोलून तो शिडी खांद्यावर टाकून गेला. पाटी चांगली लांब खिळ्यांनी ठोकलेली, हलेना. बाईंनी रुमालाने अक्षरं पुसायचा प्रयत्न केला. रंग ओला होता. अक्षरं पुसली गेली नाहीत, पण दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले. त्या तशाच वळल्या, तर बोळात एक शिंपी आणि त्याची बायको उभी.

शिंपीकाकांचं दुकान समोरच्याच रस्त्याला. दोघं नवरा-बायको एका मशीनच्या दोन बाजूंना बसून दिवसभर भांडायची. म्हणजे काका शिवायचे, काकू उसवायच्या. काकूंनी बाईंच्या हातांकडे पाहिलं आणि नवऱ्याला चिमटा काढला. "बघा. ऑपरेशन करून आल्यात. मोठ्या आहेत." मग पुढे होऊन म्हणाल्या, "बाई, आमच्या ह्यांची विकृती मोजायचीय. लग्नापासून आहे."

"माझी?" काका उसळले. "बाई, आधी हिचा दाब मोजा! घरात सगळ्यांवर आहे तो!"

"हे बघा, इथे माणसांचं काही मोजत नाहीत," बाई कळवळून म्हणाल्या. "मी स्फटिकांचा ताण मोजते."

"त्यांना कसला ताण?" काकूंनी विचारलं. "त्यांना घर आहे? नवरा आहे? शिवायला दिलेलं वेळेवर द्यायचंय त्यांना?"

आणि तोवर बोळ भरत चालला होता. पाणी तपासायला आलेले लोक बाटल्या घेऊन या रांगेत आले, कारण ही नवीन होती. एका निवृत्त मास्तरांना रांगेत कोणीतरी विचारलं, "सर, तुम्हालाही ताण?" ते म्हणाले, "छे! आमच्या काळी आम्ही तो मोजत नव्हतो, देत होतो. किती दिला ते बघायला आलोय." एक तरुण गृहस्थ सासूला घेऊन आले होते आणि सासू त्यांना घेऊन आली होती. दोघांनीही एकमेकांना हेच सांगितलं होतं की नंबर तुमचा आहे. चपलांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढला. बाई अधूनमधून दार उघडून "अहो, घरी जा हो!" असं ओरडायच्या, पण ते लाल हात बघून रांग आणखीच अदबीने उभी राहायची. "बघा," मागचे पुढच्यांना सांगायचे, "गंभीर केस असावी. घरी न्यायला सांगतायत."

शेवटी बाईंनी हातपाय गाळले नाहीत, डोकं चालवलं. यांना घालवायचं तर एकच मार्ग, आत घेऊन डबी दाखवायची, म्हणजे कंटाळून आपोआप जातील. त्यांनी शिंपी दांपत्याला आत घेतलं. मागचे बोळाकडच्या खिडकीच्या जाड काचेला नाक लावून उभे राहिले.

"ही बघा डबी. यात हे दोन हिरे. मधे हा स्फटिक. बिचारा सगळीकडून दाबला जातोय. दाब चहूबाजूंनी सारखा असेल तर तो नुसता अंग चोरतो. पण एकाच बाजूने जास्त आला की आतून ताणला जातो, वाकडा होतो. तीच त्याची विकृती."

मग शिंपीकाकांचे डोळे भरून आले. "बाई," ते म्हणाले, "इतकं कोणी समजून सांगितलं नव्हतं. हिला हेच सांगतोय मी इतकी वर्षं."

"हे सांगतायत? हे?" काकू म्हणाल्या. "मधला दाणा मी आहे, बाई. हा एक हिरा आणि सासूबाई दुसरा!"

काचेपलीकडे कोणीतरी टाळी वाजवली. आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समोर दोन माणसं होती. स्क्रूही दोनच होते.

"एक काम कराल?" त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही हा स्क्रू धरा. काकू, तुम्ही तो. मी म्हणेन तेव्हा दोघांनी एकदम आवळायचा. एकसारखा. आणि कृपा करून, भांडू नका. गोडीने घ्या."

दोघांनी जोर लावला. सगळे बाहेर आले, जाड दार लावलं, क्ष-किरण सोडले. काचेअलीकडच्या पडद्यावर कडं उमटलं. लांबट! अंड्यापेक्षा लांबट, अगदी काकडी.

"असं कसं झालं?" बाईंनी कपाळावर हात मारला. कपाळही लाल झालं.

झालं असं की, गोडीने घ्यायचं म्हटल्यावर काका म्हणाले, "तू आवळ आधी." काकू म्हणाल्या, "छे, तुम्ही थोर, तुम्ही आवळा." या मानापानात एकाने आवळला, दुसऱ्याने नुसता हात ठेवला. पुन्हा प्रयत्न केला, तर दुसरीने आवळला आणि पहिल्याने हात ठेवला. समजूतदारपणाची सवय नसली की असं होतं.

आणि नेमक्या याच वेळी मोठे साहेब आले.

आले म्हणजे बोळाच्या तोंडाशी आले. पुढे पाऊल टाकतात, तर रांगेतून आवाज, "ओ, कुठे घुसताय? नंबराने या!"

"मी इथला साहेब आहे."

"मग तर तुम्हाला ताण असणारच. पण नंबर सोडायचा नाही. आणि बूट काढा, बूट! वाचता येत नाही का?"

साहेबांनी पाटी वाचली, आणि वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्याचा रंग माणकासारखा सरकत गेला. पण मागून पाच-सहा माणसं आली होती, त्यामुळे वळायलाही जागा नव्हती. साहेबांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. शेजारचे मास्तर तो बघून मायेने म्हणाले, "घरी कोणी लक्ष देत नाही वाटतं? सांगा डॉक्टरांना. लपवू नका."

इकडे आत बाईंचा धीर सुटत आला होता. "काकू, अहो, जरा जोर लावा ना! काकांच्या बाजूनेच सगळं येतंय!"

"त्यांच्याकडून?" काकू थांबल्या. "म्हणजे यंत्रात दिसतं कोणाचा जोर किती ते?"

"स्पष्ट दिसतं. आत्ता काकांचा जास्त आहे."

एवढंच वाक्य. पण त्या वाक्याने जे केलं, ते इतक्या वर्षांच्या अभ्यासाने झालं नव्हतं. काकूंनी पदर खोचला. "ह्यांचा जास्त? अख्ख्या गावासमोर?"

"आहेच जास्त!" काकांनी बाह्या वर सारल्या. "यंत्र खोटं बोलत नाही!"

"हात लावा त्या स्क्रूला, मग सांगते!"

आणि भांडण जुंपलं. चुलत नणंदेच्या लग्नातला झंपर निघाला, उलटा बेतलेला कोट निघाला, कुठल्याशा गिऱ्हाइकाची हरवलेली बाही निघाली. काका केसभर स्क्रू फिरवायचे, की काकू तेवढाच. काकूंनी फिरवला, की काका तेवढाच. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही. माघार घेईल तो शिंपी कसला आणि घेऊ देईल ती शिंपीण कसली! मंडळी, मी संस्थेतली मोठमोठी यंत्रं पाहिली आहेत, पण दोन सारख्या हट्टांइतकं काटेकोर यंत्र जगात नाही.

बाईंनी दोघांना भांडतच बाहेर ओढलं, दार लावलं, किरण सोडले. पडद्यावर कडं आलं आणि ते इतकं गोल होतं की कोणीतरी म्हणालं, "बशी!" माणकाचा रंग सरकला होता, दाब चढला होता, हिरे शाबूत. "पुन्हा!" बाई ओरडल्या. "काकू, काका म्हणतायत ती बाही तुम्हीच हरवलीत!" बाईंना आता मर्म कळलं होतं. दोघं पुन्हा आत गेले. पुन्हा कडं गोल, पुन्हा दाब वर. काचेबाहेरची रांग मोडून गर्दी झाली. निम्मी काकांच्या बाजूची, निम्मी काकूंच्या. सासू-जावई पहिल्यांदाच एका पक्षात होते.

मोठे साहेब त्या गर्दीत ढकलत ढकलत काचेपर्यंत येऊन पोचले. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"कडं बघा," मास्तर म्हणाले. "गोल आहे तोवर ठीक. लांबट झालं तर समजायचं, एकाच बाजूने दाब येतोय."

"एकाच बाजूने म्हणजे कुठून?"

"ते ज्याचं त्याला ठाऊक. तुमच्यावर कुठून येतो?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "वरून. सगळा वरूनच येतो हो." आणि त्यांनी काचेवर हात ठेवला. त्या क्षणी, मी सांगतो, या गृहस्थांना स्फटिकशास्त्र जे कळलं, ते कुठल्याच पुस्तकातून कळलं नसतं.

शेवटचा फेरा झाला. दार लागलं. बोळात बाटलीतलं पाणी हललं तरी ऐकू येईल अशी शांतता. पडद्यावर आधी जुनं कडं उमटलं, गोल गरगरीत. मग त्याच्या आत, जिथे आजवर काहीच नव्हतं, तिथे एक बारीक, पुसट रेघ वळायला लागली. वळत वळत गेली, टोकाला टोक भिडलं आणि नवं कोरं कडं झालं!

"बसले!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "नवीन जागी बसले! उभं राहायची पद्धत बदलली त्यांनी!"

कोण बसलं, कुठे बसलं, हे कोणी विचारलं नाही. बोळ नुसता दणाणला. कोणी बाटल्या एकमेकांवर वाजवल्या, कोणी दुसऱ्याचीच चप्पल हवेत उडवली. बाईंनी काकूंना मिठी मारली, काकूंच्या पाठीवर दोन लाल पंजे उमटले. काका म्हणाले, "धुवून निघणार नाही हे," आणि चक्क हसले.

मोठे साहेब अनवाणी पुढे आले. गर्दीने वाट दिली. बाईंनी निमूटपणे किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

साहेबांनी ती परत त्यांच्या मुठीत बंद केली. "ठेवा. खुर्च्या माझ्या खोलीत जातील. आणि दुसऱ्या स्क्रूवर माणूस हवा होता ना तुम्हाला? एक नको, दोन घ्या. फक्त," त्यांनी घसा खाकरला, "त्यांचं आपसात पटत नाही याची खात्री करून घ्या."

खोली वाचली, काम वाचलं, आणि ते नवं कडं पुढे जगभर गाजलं. जिथे जिथे स्फटिक दाबतात तिथे तिथे गाजलं. पण लोकहो, एक गोष्ट मात्र कुठे छापून आली नाही, ती आज तुम्हाला सांगतो. तो शेवटचा फेरा. सगळ्यांना वाटतं, तो शिंपीकाका आणि काकूंचा. नाही! दोघांचे हात थकून लोळागोळा झाले होते. बाई कासावीस होऊन इकडेतिकडे बघायला लागल्या. मी तिथेच, त्यांच्या उजव्या हाताला उभा. म्हटलं, सरका. सदऱ्याची बटणं सैल केली, एका हातात हा स्क्रू धरला, दुसऱ्या हातात तो, डोळे मिटले आणि अगदी एकसारखा, रेसभर इकडे नाही की तिकडे नाही—

"काहीतरीच फेकू नका हो, अण्णा!"

बाकावरचे सगळे मागे वळले. शिंपीणकाकू कधीच्या मागे येऊन उभ्या होत्या, हातात दुरुस्त केलेला माझा सदरा.

"शेवटचा फेरा माझा आणि ह्यांचा! तुम्ही आत होताच कुठे? रांगेत माझ्या मागे उभे होतात, चपला काखेत धरून, आणि दर दोन मिनिटांनी माझ्या कानात विचारत होतात, 'वहिनी, मोजल्यावर घरी कळवत नाहीत ना?'"